संगणकाचा टाइम झोन प्रोग्राममधून कसा ओळखायचा

जावामध्ये लिहिलेला एक प्रोग्राम कालपर्यंत पोस्टग्रेस डेटाबेसला विनातक्रार जोडला जात होता. मग डेटाबेसचा कंटेनर, म्हणजे तो ज्या बंदिस्त डब्यात चालतो तो, नव्या इमेजवर, म्हणजे त्या डब्याच्या नव्या साच्यावर, नेला आणि जोडणीच नाकारली गेली. संदेश असा, की 'टाइमझोन' या पॅरामीटरची 'एशिया/कलकत्ता' ही व्हॅल्यू चुकीची आहे. भारतातल्या बऱ्याच डेव्हलपरांनी हा संदेश पाहिला आहे आणि प्रत्येकाच्या मनात तोच प्रश्न येतो: कोडमध्ये मी टाइम झोन कुठेच लिहिला नाही, मग हे कलकत्ता आले कुठून?

ते आले आपल्याच लॅपटॉपमधून. जावाने विंडोजला झोन विचारला, विंडोजने 'इंडिया स्टँडर्ड टाइम' असे उत्तर दिले, जावाने स्वतःजवळच्या तक्त्यातून त्याचे 'एशिया/कलकत्ता' केले आणि डेटाबेसच्या ड्रायव्हरने जोडणी करतानाच ते पुढे कळवले. पलीकडे डेटाबेस ज्या नव्या डेबियनवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) चालत होता, तिथे जुनी नावे 'टीझेडडेटा-लेगसी' या वेगळ्या पॅकेजात हलवलेली आहेत आणि ते पॅकेज त्या इमेजमध्ये नव्हते. प्रोग्राम सुरू करताना 'युझर डॉट टाइमझोन' या प्रॉपर्टीत 'एशिया/कोलकाता' दिले की काम सुरू होते. पण एवढ्यावर थांबलो तर हीच अडचण दुसऱ्या दाराने परत येते, म्हणून संगणकाला त्याचा टाइम झोन विचारण्याची पूर्ण वाट इथे मांडतो. कमांड, फाइल आणि फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

पहिली पायरी: नेमके काय हवे आहे ते ठरवा

'टाइम झोन' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी खपवतो. एक, ऑफसेट: यूटीसी या जागतिक आधारवेळेपेक्षा घड्याळ किती पुढे किंवा मागे, जसे +५:३०. दोन, लघुनाम, जसे आयएसटी. तीन, झोनचे पूर्ण नाव, जसे 'एशिया/कोलकाता', ज्याच्यामागे त्या प्रदेशातल्या घड्याळांचा इतिहास आणि नियम असतात. प्रोग्रामला जवळजवळ नेहमी तिसरी गोष्ट हवी असते आणि घाईत आपण पहिली मिळवून मोकळे होतो.

ऑफसेट हे फक्त एका क्षणाचे उत्तर आहे. लंडनमध्ये उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात (हीच उन्हाळी वेळ), म्हणून तिथला लॅपटॉप जुलैत +१:०० सांगेल आणि जानेवारीत +०:००. पुण्यातून न्यू जर्सीतल्या भावाशी दर रविवारी बोलण्याची आठवण ठेवणारा प्रोग्राम जर −५:०० एवढेच जपून बसला, तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारापर्यंत तो भावाकडचे घड्याळ तासभर मागे दाखवील. आपल्याकडे घड्याळ बदलत नाही म्हणून भारतात बसून लिहिलेल्या कोडमध्ये ही चूक चाचणीत सापडत नाही, आणि म्हणूनच आपण तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. बरे, आज +५:३० म्हणजे भारतच असेही नाही. श्रीलंकाही +५:३० वरच आहे, पण १९९६ ते २००६ या काळात तिथले घड्याळ वेगळे होते. त्या काळातल्या नोंदी 'एशिया/कोलंबो'च्या ऐवजी 'एशिया/कोलकाता' धरून वाचल्या तर वेळ चुकणार.

लघुनामावर तर मुळीच विसंबू नका. आयएसटी म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, आयर्लंडची उन्हाळी वेळ आणि इस्रायलची प्रमाणवेळही. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबातल्या एखाद्या आजोबांनी घरच्या फोनवर 'सात वाजता, आयएसटी' म्हटले, तर माणसालाही विचारावे लागेल की कुठले.

'एशिया/मुंबई' का नाही

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक नवशिक्याला पडतो आणि त्याचे उत्तर कळले की पुढचे बरेच सोपे जाते. झोनची ही नावे आयएएनए ही इंटरनेटवरची नावे-क्रमांक राखणारी संस्था सांभाळत असलेल्या टाइम झोन डेटाबेसमधून येतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, पुढे पॉल एगर्ट त्याची देखभाल करू लागले, आणि २०११ पासून तो आयएएनएच्या छत्राखाली आहे. त्याचा नियम असा, की १९७० पासून ज्या प्रदेशातली घड्याळे सारखी चालली त्याला एकच झोन, आणि नाव साधारणतः तिथल्या सर्वात मोठ्या शहराचे. डेटाबेस आकाराला आला तेव्हा तो मान कलकत्त्याकडे गेला. शहराचे नाव बदलले तसे 'कोलकाता' मुख्य नाव झाले आणि 'कलकत्ता' जुने पर्यायी नाव म्हणून उरले.

मुंबईची स्वतःची वेळ होती हे खरेच आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होती. पण हा फरक १९७० च्या आधीचा, म्हणून वेगळा झोन नाही. १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत युद्धामुळे भारतातली घड्याळे एक तास पुढे, म्हणजे +६:३० वर होती. ती नोंद मात्र 'एशिया/कोलकाता'मध्ये आहे. जन्मपत्रिका मांडणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हे माहीत असावेच लागते. १९४३ साली जन्मलेल्या आजीची पत्रिका सरसकट +५:३० धरून केली तर लग्नरास बदलू शकते.

डेटाबेसमध्ये नसलेले नाव दिल्यावर काय होते ते एकदा स्वतः करून पाहा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'टीझेड' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 'एशिया/मुंबई' देऊन 'डेट' ही कमांड चालवा. चूक झाल्याचा एक शब्दही येत नाही. यूटीसीची वेळ छापली जाते आणि झोनच्या जागी 'एशिया' एवढेच दिसते. साडेपाच तासांची चूक, आणि कुठेही तक्रार नाही. माझ्या मते टाइम झोन ओळखण्याच्या कामातला हाच सर्वात मोठा धोका आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या याच गप्प बसणाऱ्या यूटीसीला पकडण्यासाठी आहेत.

दुसरी पायरी: 'टीझेड' व्हेरिएबल पाहा

वापरकर्त्याने प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये स्वतः झोन निवडला असेल तर तोच खरा. पुढचे काही करू नका. नसेल तर लिनक्स, मॅक आणि इतर युनिक्स कुळातल्या यंत्रणांवर आधी 'टीझेड' पाहायचे, कारण ते असेल तर बाकीच्या सिस्टिम सेटिंगवर मात करते.

त्यात चार प्रकारचे काही सापडू शकते. 'एशिया/कोलकाता' असे साधे नाव, कधी पुढे विसर्गचिन्ह म्हणजे कोलन लावलेले. कोलन काढून नाव वापरा. कधी एखाद्या झोन फाइलचा पूर्ण पत्ता असतो. त्यातल्या 'झोनइन्फो/'च्या पुढचा भाग म्हणजे नाव. कधी व्हेरिएबल असते पण रिकामे. लिनक्सवर त्याचा अर्थ यूटीसी. आणि कधी पॉझिक्स या युनिक्स यंत्रणांच्या सामायिक मानकाच्या पद्धतीची ओळ असते, उदाहरणार्थ 'आयएसटी-५:३०'.

या शेवटच्या प्रकारात चिन्ह उलटे असते. पॉझिक्समध्ये आकडा 'यूटीसी मिळवण्यासाठी किती मिळवायचे' हे सांगतो, म्हणून भारत −५:३० होतो. 'ईटीसी/जीएमटी-५' या नावाचा झोनही यूटीसीच्या पाच तास पुढे आहे. जावास्क्रिप्टमधले 'गेटटाइमझोनऑफसेट' भारतात −३३० देते आणि विंडोजमधले 'बायस'ही −३३० असते. नेहमीच्या लेखनात मात्र आपण +०५:३० लिहितो. कोडमध्ये ज्या ठिकाणी ऑफसेट आत येतो तिथेच चिन्ह एकदा सरळ करून घ्या आणि व्हेरिएबलच्या नावात 'मिनिटे पुढे' असा अर्थ ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी दुसऱ्यांदा उणे करतो.

पॉझिक्स ओळीवरून झोनचे नाव काढण्याचा मोह टाळा. तिच्यात नाव नाहीच. तिला ऑफसेट म्हणूनच वागवा.

तिसरी पायरी: लिनक्स

'टीझेड' नसेल तर 'ईटीसी' फोल्डरमधली 'लोकलटाइम' ही फाइल पाहायची. बहुतेक ठिकाणी ती एक लिंक असते आणि 'यूएसआर/शेअर/झोनइन्फो/एशिया/कोलकाता'कडे बोट दाखवते. लिंक वाचा, 'झोनइन्फो/' शोधा, पुढचा मजकूर घ्या. लिंकची लिंक असेल तर 'झोनइन्फो/' दिसेपर्यंतच मागे जा. शेवटपर्यंत सोडवत गेलात तर काही यंत्रणांवर 'युरोप/ऑस्लो'चे 'युरोप/बर्लिन' होऊ शकते, कारण डेटाबेसमध्ये आता एक दुसऱ्याचे पर्यायी नाव आहे. ओस्लोतल्या माणसाला पडद्यावर बर्लिन दाखवणे बरे नव्हे.

हाताने तपासायचे असेल तर 'टाइमडेटसीटीएल' ही कमांड पुरते. प्रोग्रामने मात्र तिच्यावर अवलंबून राहू नये. सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सेवा चालवणारी यंत्रणा) नसलेल्या ठिकाणी आणि बहुतेक कंटेनरांत ती मिळत नाही. डेबियन कुळात 'ईटीसी/टाइमझोन' ही एका ओळीची मजकूर फाइलही असू शकते. ती आणि 'लोकलटाइम'ची लिंक वेगवेगळे सांगत असतील तर लिंकवर विश्वास ठेवा, कारण सिस्टिमची घड्याळे प्रत्यक्षात तिच्यावर चालतात. जुन्या रेड हॅट यंत्रांवर 'ईटीसी/सिसकॉन्फिग/क्लॉक'मध्ये 'झोन' अशी ओळ असे.

आता कठीण भाग. 'लोकलटाइम' लिंक नसून कुणीतरी केलेली प्रत असेल तर? झोन फाइलच्या आत झोनचे नाव लिहिलेले नसते. सुरुवातीला 'टीझेडआयएफ' ही चार अक्षरे, मग घड्याळबदलांच्या नोंदी, आणि शेवटी पुढच्या काळासाठी एक पॉझिक्स ओळ असते. भारतासाठी ती तीच, 'आयएसटी-५:३०'. अशा वेळी एकच उपाय उरतो: 'झोनइन्फो' फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एकेक करून ताडून पाहायच्या. आधी आकार जुळतो का पाहा, जुळला तरच बाइट तपासा. काम चटकन होते. जावा आणि आयसीयू ही युनिकोडची लायब्ररीही हेच करतात. शोधताना 'पॉझिक्स' आणि 'राइट' हे उपफोल्डर व 'पॉझिक्सरूल्स' आणि 'लोकलटाइम' या फाइली वगळा, नाहीतर 'पॉझिक्स/एशिया/कोलकाता' असले विचित्र नाव हाती येते. एकापेक्षा जास्त फाइली जुळतील, कोलकाता आणि कलकत्ता तर हमखास. त्यांतले नाव 'झोन डॉट टॅब' या यादीत आहे ते निवडा. त्या यादीत भारतापुढे कोलकाताच आहे.

मॅकवर हीच 'लोकलटाइम' लिंक आहे, फक्त ती 'व्हार/डीबी/टाइमझोन/झोनइन्फो'कडे जाते, म्हणून पूर्ण पत्ता कोडमध्ये गोठवू नका. स्विफ्टमध्ये लिहीत असाल तर 'टाइमझोन डॉट करंट'चे 'आयडेंटिफायर' सरळ नाव देते.

चौथी पायरी: विंडोज

विंडोजची स्वतःची वेगळी नावे आहेत. रजिस्ट्रीत 'एचकेएलएम'खाली 'सिस्टिम', 'करंटकंट्रोलसेट', 'कंट्रोल', 'टाइमझोनइन्फॉर्मेशन' असे उतरत गेलात की 'टाइमझोनकीनेम' मिळते. शेजारीच 'स्टँडर्डनेम' असते. ते घेऊ नका, कारण ते विंडोजच्या भाषेप्रमाणे बदलू शकते. 'कीनेम' बदलत नाही. काही आवृत्त्यांत या नावानंतर शून्य बाइट आणि त्यापुढे कचरा सापडतो, म्हणून पहिल्या शून्य बाइटपाशी तोडा. रजिस्ट्री टाळायची असेल तर 'गेटडायनॅमिकटाइमझोनइन्फॉर्मेशन' हे फंक्शन तेच नाव देते आणि कमांड प्रॉम्प्टवर 'टीझेडयूटिल'ला 'जी' पर्याय देऊन ते पाहता येते. उत्तराच्या शेवटी 'डीएसटीऑफ' चिकटलेले आले तर वापरकर्त्याने उन्हाळी वेळेचा आपोआप होणारा बदल बंद केला आहे असे समजा. अशा वेळी झोनचे नाव बरोबर असूनही त्या संगणकाचे घड्याळ नियमाप्रमाणे चालत नाही.

मिळालेले नाव आयएएनएच्या नावात बदलण्यासाठी युनिकोडच्या सीएलडीआर या भाषा-प्रदेशांची माहिती गोळा करणाऱ्या प्रकल्पातला 'विंडोजझोन्स' हा तक्ता वापरतात. स्वतःचा तक्ता हाताने लिहू नका. एकच उदाहरण देतो. विंडोजमध्ये 'अरेबियन स्टँडर्ड टाइम' म्हणजे दुबई, 'अरब स्टँडर्ड टाइम' म्हणजे रियाध आणि 'अरेबिक स्टँडर्ड टाइम' म्हणजे बगदाद. आखातात काम करणाऱ्या आपल्या माणसांसाठी काही बनवत असाल तर या तिघांत दोन-तीन अक्षरांच्या फरकाने घोळ होतो, आणि दुबई रियाधपेक्षा एक तास पुढे आहे. तसेच 'जीएमटी स्टँडर्ड टाइम' म्हणजे लंडन, जिथे उन्हाळ्यात घड्याळ जीएमटीवर नसते.

कलकत्ता नेमके इथूनच येते. सीएलडीआरचे धोरण असे, की एकदा दिलेले ओळखनाम बदलायचे नाही. म्हणून 'इंडिया स्टँडर्ड टाइम'पुढे तिथे अजूनही 'एशिया/कलकत्ता' आहे, आणि त्यावर बांधलेल्या आयसीयू, जावा, क्रोम अशा सगळ्यांकडे ते झिरपते.

पाचवी पायरी: ब्राउझर

वेबसाइट असेल तर सर्व्हरच्या टाइम झोनचा वापरकर्त्याशी काही संबंध नसतो. आयपी पत्त्यावरून अंदाज करू नका. व्हीपीएन लावलेला नाशिकचा माणूस तुम्हाला फ्रँकफर्टमध्ये दिसेल. ब्राउझरलाच विचारा: 'इंटल डॉट डेटटाइमफॉरमॅट'ची 'रिझॉल्व्ड-ऑप्शन्स' घ्या आणि त्यातले 'टाइमझोन' वाचा. भारतात फायरफॉक्स तिथे 'एशिया/कोलकाता' सांगतो, तर क्रोम 'एशिया/कलकत्ता'. प्रोफाइलच्या पानावर झोन निवडण्याची यादी असेल आणि तिच्यात फक्त कोलकाता असेल, तर क्रोम वापरणाऱ्या भारतीयांना ती जागा रिकामी दिसते. गोपनीयता जपणारे टॉरसारखे ब्राउझर मुद्दाम यूटीसीची वेळ सांगतात. तो त्यांचा हक्क आहे. अशांसाठी हाताने निवडण्याची सोय ठेवा.

जानेवारी आणि जुलैचे ऑफसेट पाहून झोन ताडण्याची जुनी युक्ती आता लागत नाही. ती ॲरिझोना आणि हिवाळ्यात त्याच ऑफसेटवर असणारा, पण उन्हाळ्यात घड्याळ बदलणारा दुसरा प्रदेश यांत फरक करू शकते, पण कोलकाता आणि कोलंबो यांत नाही.

सहावी पायरी: भाषांमधली तयार साधने

पायथनमध्ये 'डेटटाइम डॉट नाऊ'वर 'एज-टाइमझोन' लावून जे मिळते तो फक्त आजचा ऑफसेट असतो. नावासाठी 'टीझेडलोकल' हे पॅकेज घ्या आणि ३.९ पासून असलेल्या 'झोनइन्फो'ला ते नाव द्या. विंडोजवर झोनची माहिती नसते म्हणून 'टीझेडडेटा' पॅकेजही लागते. 'झोनइन्फो' 'एशिया/मुंबई'ला सरळ नकार देते, आणि मला तेच आवडते. डॉटनेटमध्ये 'टाइमझोनइन्फो डॉट लोकल' आहे आणि सहाव्या आवृत्तीपासून विंडोजचे नाव आयएएनएच्या नावात बदलण्याचे फंक्शनही. गो भाषेत स्थानिक झोनचे नाव विचारले तर बहुतेकदा 'लोकल' एवढेच उत्तर येते, म्हणून तिथे दुसरी आणि तिसरी पायरी स्वतः लिहावी लागते.

सातवी पायरी: नाव एकसारखे करा आणि पडताळा

हाती आलेले नाव तसेच साठवू नका. आयएएनएच्या डेटाबेसमधली 'बॅकवर्ड' ही फाइल जुन्या नावासमोर नवे नाव देते. तिच्या आधारे कलकत्त्याचे कोलकाता करा, पण ओस्लोसारखे 'झोन डॉट टॅब'मध्ये असलेले नाव तसेच ठेवा, नाहीतर इथेही त्याचे बर्लिन होईल. हे काम आयसीयूच्या जुन्या 'कॅनॉनिकल' फंक्शनवर सोपवू नका, ते कोलकात्याचे उलट कलकत्ता करते.

मग पडताळणी. नावाप्रमाणे आत्ताचा ऑफसेट काढा आणि ऑपरेटिंग सिस्टिमने सांगितलेल्या ऑफसेटशी ताडा. नाही जुळला तर तीनपैकी काहीतरी झाले आहे: नाव चुकले, उन्हाळी बदल बंद केलेला आहे, किंवा दोघांपैकी एकाचा झोन डेटाबेस जुना आहे. शेवटचे कारण वाटते त्यापेक्षा जास्त वेळा भेटते. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतांश भागात उन्हाळी वेळ बंद केली, इजिप्तने २०२३ मध्ये ती पुन्हा आणली, कझाकस्तानने १ मार्च २०२४ रोजी सगळा देश +५:०० वर आणला. या बदलांच्या आधीपासून अपडेट न केलेल्या यंत्राला यातले काही माहीत नसते.

कंटेनर आणि चालता प्रोग्राम

कंटेनर साधारणतः यूटीसीवर सुरू होतो. त्यातही फसवे असे, की लहान इमेजांत झोन फाइली नसतातच. 'टीझेड'मध्ये 'एशिया/कोलकाता' अगदी बरोबर लिहिले तरी फाइल न सापडल्याने वेळ यूटीसीचीच येते. इमेज बनवतानाच 'टीझेडडेटा' पॅकेज घाला.

मुंबईहून दुबईला गेलेल्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालूच असेल तर? बहुतेक भाषा सुरुवातीला वाचलेला झोन जपून ठेवतात. डॉटनेटमध्ये 'क्लिअरकॅश्डडेटा' बोलवावे लागते; अँड्रॉइड झोन बदलल्याची ब्रॉडकास्ट पाठवते, मॅक नोटिफिकेशन देतो. ते ऐका आणि नाव पुन्हा काढा.

चाचणी

भारतातल्या संगणकावर सगळे ठीक दिसते, म्हणून चाचण्या मुद्दाम बाहेरच्या झोनमध्ये चालवा. लिनक्सवर 'टीझेड' बदलून एकेकदा: 'एशिया/काठमांडू', कारण तिथे +५:४५ आहे आणि पूर्ण तासांवर लिहिलेला कोड तिथे अडखळतो, 'ऑस्ट्रेलिया/लॉर्ड हाऊ', मध्ये अंडरस्कोर, कारण तिथे उन्हाळी बदल फक्त अर्ध्या तासाचा आहे, 'अमेरिका/फिनिक्स', रिकामे 'टीझेड', 'एशिया/कलकत्ता', आणि शेवटी 'एशिया/मुंबई'. विंडोजवर 'टीझेडयूटिल'ला 'एस' पर्याय देऊन झोन बदला. 'टीझेड' व्हेरिएबल तिथे वापरू नका, विंडोजच्या सी लायब्ररीला ही नावे समजत नाहीत.

'एशिया/मुंबई'च्या चाचणीत प्रोग्रामने यूटीसी धरून पुढे जाता कामा नये. त्याने थांबावे, हे नाव डेटाबेसमध्ये नाही असे स्पष्ट सांगावे आणि झोन निवडण्याची यादी पुढे करावी. लॉगमध्ये चार गोष्टी एका ओळीत लिहा: कोणते नाव सापडले, ते कुठून आले ('टीझेड', लिंक, रजिस्ट्री की ब्राउझर), एकसारखे केल्यावर काय झाले, आणि त्या क्षणीचा ऑफसेट. पुढे कुणी 'वेळ साडेपाच तासांनी चुकतेय' म्हणत आला की आधी तीच ओळ उघडा.